परवाचा बांगडा

१

म्हातारी रविवारी दुपारी पोटभर जेवली आणि संध्याकाळी गेली. रडारड सुरू व्हायच्या आधीच तिच्या थोरल्या मुलाने धाकट्या भावाच्या बायकोला खुनी ठरवून टाकलं. इस्पितळाच्या पायऱ्यांवरून तो ओरडत होता, “हिने माझ्या आईला विष घातलं,” आणि अर्धा मासळीबाजार खाली उभा राहून ऐकत होता. ऐकणाऱ्यांत एकालाही वाटलं नाही की आधी मयताकडे बघावं.

मी अन्न तपासणी खात्यात आहे. माझा संबंध मेलेल्या माणसांशी येत नाही, मेलेल्या माशांशी येतो. हातात सुईच्या टोकाचं थर्मामीटर घेऊन मी दुकानं फिरते, म्हणून बाजारात मला ‘थर्मामीटरबाई’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठ वळली की. ज्याच्या पेटीत बर्फापेक्षा पाणी जास्त, त्याच्या तोंडात माझ्या नावाने शिव्या जास्त. मला त्याचं काही वाटत नाही. मलाही ही माणसं आवडत नाहीत.

सोमवारी सकाळी फौजदाराने चौकीत बोलावून घेतलं. त्याच्यासमोर डॉक्टरचा अहवाल होता. जेवणानंतर थोड्याच वेळात म्हातारीचं तोंड लालभडक झालं, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडली, उलट्या झाल्या. हृदय आधीच अधू होतं, ते थांबलं.

“बाई, विष कुठलं तेवढं सांगा. बाकी केस तयार आहे,” फौजदार म्हणाला.

“विष माहीत नाही आणि केस तयार? बाजारात तुरी म्हणतात ते हेच.”

“मासे धाकटीने तळले, धाकटीने वाढले. शुक्रवारीच तिने भर बाजारात सासूला सुनावलं होतं, आमच्याकडे जेवायला येऊच नका म्हणून. आणखी काय पाहिजे? मी तिला आत घेतली आहे.”

म्हातारी दुकानावरच्या खोलीत एकटी राहायची. तिच्या जेवणाचे वार मुलांनी वाटून घेतले होते, गाय वाटून घ्यावी तसे. रविवार धाकट्याचा होता.

मी फौजदाराला सांगितलं की मी त्या दुकानात आज जाणारच होते. शनिवारी आमच्या कचेरीत फोन आला होता. तो मीच घेतला. तोंडाला कापड लावून कोणीतरी बोलत होतं, बाई की बुवा तेही कळू नये असं. एवढंच म्हणालं, “परवा या. धाकट्याच्या गाळ्यावर. परवाचा बांगडा तपासा, मग कळेल काय विकतो तो.” आणि फोन ठेवला.

“मग? तक्रार केली कुणीतरी,” फौजदार म्हणाला.

“शनिवारी बोलताना परवा म्हणजे सोमवार. सोमवारी विकायचा बांगडा शनिवारी अजून समुद्रात पोहत असणार. तो खराब निघणार हे फोनवाल्याला आधीच कसं कळलं?”

फौजदाराने खांदे उडवले. जो माणूस न पकडलेल्या माशाची खात्री देतो तो ज्योतिषी तरी असतो नाहीतर बदमाश. ज्योतिषी मला अजून भेटलेला नाही.

२

दुकान बापाने उभं केलेलं, एकच होतं. बाप गेल्यावर दोघा भावांनी मधोमध भिंत घातली. ती भिंतही वाकडी आहे, कारण बांधताना दोघे दोन बाजूंनी गवंड्याला ढकलत होते. मागची कोल्ड रूम मात्र एकच राहिली. तिच्या जमिनीवर मधोमध पांढरा पट्टा मारलेला आहे, डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा. भाऊ एकमेकांशी वर्षानुवर्षं एक अक्षर बोललेले नाहीत. कुणाची पेटी इंचभर पट्ट्यावर आली तर दुसरा ती लाथेने सरकवतो.

आत शिरताच माझं डोकं फिरलं. प्रत्येक पेटीवर खडूने एकेक शब्द लिहिलेला. उजवीकडे ‘आज’, ‘उद्या’. डावीकडे ‘आज’, ‘काल’, आणि मागे कोपऱ्यात एका पेटीवर ‘परवा’. तारीख लिहा, तारीख लिहा म्हणून मी या बाजारात घसा फोडलाय, पण पालथ्या घड्यावर पाणी.

“बापाची पद्धत आहे,” थोरला म्हणाला. जाडजूड माणूस, रडून डोळे सुजलेले, पण आवाजातला माज शाबूत.

“बापाला अंक येत नव्हते. तुम्हाला काय धाड भरली आहे?”

मी थर्मामीटर काढलं आणि एकेका माशात खुपसत गेले. दोन्ही बाजूंना गारवा चोख होता. कोपऱ्यातल्या ‘परवा’ पेटीवर तर ताज्या बर्फाचा डोंगर रचलेला, साऱ्या खोलीत एवढी नटवलेली दुसरी पेटी नव्हती. खाली बांगडे होते, अंगाने घट्ट, कल्ले लाल. वास घेतला तर नाकाला काही खटकलं नाही. एका कडेला बर्फ उकरून पुन्हा सारखा केल्यासारखा दिसला. मी दोन्ही बाजूंच्या प्रत्येक बांगड्याच्या पेटीतून नमुने घेतले आणि कोल्ड रूमला सील ठोकलं.

“माझा माल का अडकवता?” थोरला उसळला. “विष तिच्या स्वयंपाकघरात शोधा.”

थोरली म्हणजे त्याची बायको गल्ल्याशी बसली होती. घरात सुतक आणि ही नाकाने कांदे सोलत होती. “आमच्याकडे सासूबाईंना कधी शिंक आली नाही हो बाई. त्या धाकटीच्या हातचं पाणीसुद्धा कडू. मी तर म्हणते, तिच्या नवऱ्यालाही विचारा, इतके दिवस काय काय खाऊ घातलंय तिने त्याला.”

“तुम्ही कोल्ड रूममध्ये जाता का?”

“मी? मला दमा आहे. त्या गारठ्यात पाऊल टाकलं तर मलाच पेटीत घालावं लागेल. लग्न होऊन आले त्या दिवसापासून आत पाय ठेवलेला नाही, विचारा कुणालाही.”

मी विचारलं. खरं होतं. बाजारात तिच्या दम्यावर विनोदसुद्धा होते.

“आणि सासूबाई?”

“त्यांना दोघांनी मिळून बंदी केली होती. आईने धंद्यात नाक खुपसायचं नाही. एवढ्या एकाच गोष्टीवर या दोघांचं एकमत,” थोरली म्हणाली, आणि नवऱ्याने तिच्याकडे असं बघितलं की ती पटकन नोटा मोजायला लागली. नोटा आधीच मोजून झालेल्या होत्या.

३

धाकट्याच्या घरात ताटं तशीच पडली होती. पोलिसांनी धाकटीला हात धुवायलाही वेळ दिला नव्हता. धाकटा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. मासे विकणारा माणूस, पण मासे खात नाही. दिवसभर हुंगून हुंगून नाकापर्यंत आलंय म्हणतो. रविवारी तो बंदरावर लिलावाला गेला होता आणि दुपारी उशिरा परतला तेव्हा आई जमिनीवर पडली होती.

“माझी बायको विष घालणार नाही,” तो म्हणाला.

“मग शुक्रवारी जेवायला येऊ नका का म्हणाली?”

“आई रोज इकडचं तिकडे घेऊन यायची म्हणून. थोरल्याच्या घरून वाटीभर काहीतरी आणायची, आमच्याकडून त्यांच्याकडे न्यायची. मग त्या बाजूने चोर चोर म्हणून ओरडा व्हायचा. बायको म्हणाली, असं करणार असाल तर येऊ नका. रागाने बोलली. दुसऱ्या दिवशी स्वतःच वर जाऊन बोलावून आली.”

तव्यावर तळलेल्या माशाचा एक तुकडा उरला होता. तो मी डबीत घातला. मग मी कचऱ्याचा डबा उलटा केला. लोक तपासणीसाला दिवाणखाना दाखवतात, मी पहिल्यांदा कचरा बघते, कारण कचऱ्याला खोटं बोलता येत नाही.

“जेवताना आई काही म्हणाली?”

“मी नव्हतो. शेजारीण सांगते, आई खिडकीतून म्हणाली, हिने आज मिरी सढळ हाताने घातली आहे, जीभ चुरचुरतेय. लोक आता म्हणतात, विषाची चव लपवायला मिरी घातली.” त्याने डोळे पुसले. “बाई, आमच्या घरात मिरी नाही. मला मिरीने खोकला होतो, म्हणून बायको आणतच नाही. डबे बघा सगळे.”

मी बघितले. मिरीचा दाणा नव्हता. माझ्या मनात पहिल्यांदा एक शब्द आला, आणि तो विष हा नव्हता.

“तुमच्या गाळ्यावर बांगडा कसा मिळतो?”

“साफ केलेला. आमची खासियत आहे. पेटी उघडली की सकाळी पहिलं काम तेच, डोकं उडवायचं, पोट साफ करायचं. गिऱ्हाइकाने घरी नेऊन नुसता तव्यावर टाकायचा. थोरला अख्खा विकतो.”

“तुमच्या बायकोने चौकीत सांगितलंय की मासे तुमच्या गाळ्यावरचे होते.”

“मग असतीलच. ती आपलं सोडून कुठले आणेल?”

मी कचऱ्यातला कागद त्याच्यासमोर उलगडला. त्यात बांगड्याची दोन डोकी होती, कल्ल्यांसकट.

४

मंगळवारी प्रयोगशाळेचा निकाल आला. फौजदार तो उलटासुलटा करून बघत होता.

“यात विषाचं नाव कुठे आहे?”

“हे काय, हिस्टामिन. हे कुणी घातलं नाही, ते तयार झालं. माशाच्या कल्ल्यांत, आतड्यांत जिवाणू असतातच. गारव्यात ते मूग गिळून बसतात. मासा काही तास गरम राहिला की उठतात, वाढतात आणि माशाच्या मांसातच हे विष करून ठेवतात. बांगड्यासारख्या माशात तर फार.”

“पण पेटीत बर्फ होता. तुम्हीच मोजलात.”

“नंतर बर्फात गाडलं तरी झालेलं विष जात नाही. तळा, उकळा, काही करा. जिवाणू मरतात, त्यांनी केलेली घाण राहते. वास येत नाही, रंग बदलत नाही. खाणाऱ्याची जीभ चुरचुरते, मिरी लागल्यासारखी. मग तोंड लाल होतं आणि डोकं ठणकतं. धडधाकट माणूस दिवसभरात बरा होतो आणि ॲलर्जी झाली म्हणतो. म्हातारीचं हृदय अधू होतं.”

धाकट्याचे सगळे नमुने स्वच्छ होते. विष सापडलं ते तव्यावरच्या तुकड्यात आणि थोरल्याच्या कोपऱ्यातल्या ‘परवा’ पेटीत.

फौजदाराने धाकटीला आणायला सांगितलं. किडकिडीत बाई, दोन दिवसांत अर्धी झालेली. मी डोक्यांची गोष्ट काढली तशी ती जमिनीकडे बघायला लागली.

“मासे थोरल्याच्या पेटीतले होते,” मी म्हणाले. “तुम्ही खोटं बोललात.”

“हो. मी चोरले.”

“कसे?”

“कोल्ड रूममध्ये गेले आणि उचलले.”

“दाराला कुलूप असतं. एक किल्ली थोरल्याकडे. दुसरी तुमच्या नवऱ्याच्या कमरेला, आणि तो सकाळपासून बंदरावर. तुम्ही काय भिंतीतून गेलात?”

थोरल्याला समोरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं, त्याने हे ऐकलं आणि उठून पुढे आला. “ऐकलंत ना? कबूल करतेय. चोरटी आहे, पहिल्यापासून. ती पेटी मी फेकायला काढून ठेवली होती. हिने त्यातले मासे चोरले आणि माझ्या आईला घातले. विष नाही तर नाही, जीव तर हिनेच घेतला.”

बोलणं पटण्यासारखं होतं. फौजदाराने माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. निष्काळजीपणे खराब अन्न खाऊ घालून मृत्यू, तेही चोरून आणलेलं. धाकटीची निदान काही वर्षं तरी गेली. ती मान वर करायला तयार नव्हती आणि मला तिचा मनस्वी राग आला. स्वतःच्या गळ्यात स्वतः फास अडकवणाऱ्या माणसांचा मला येतो तसा.

“आणखी एक किल्ली असणार,” मी तिला म्हणाले. “जुनी. तुमच्या सासऱ्यांची. ती कुणाकडे होती?”

धाकटीने ओठ आवळले. मग हळूच म्हणाली, “मेलेल्या माणसाला चोर म्हणवून घेऊ नका हो बाई.”

५

मासे म्हातारीने आणले होते. धाकटी तिचं नाव झाकत होती. ठीक. पण म्हातारीने आयुष्य माशांत काढलेलं, नवऱ्याबरोबर ते दुकान तिनेच चालवलेलं. फेकायच्या पेटीत तिने हात का घातला? आणि फोन कुणी केला?

मी बर्फ आणि माल आणणाऱ्या व्हॅनवाल्याला गाठलं. त्याला सगळे ‘आलोच’ म्हणतात, कारण कुठूनही फोन केला तरी तो आलोच म्हणतो आणि तासाभराने येतो. पहिल्यांदा ताकास तूर लागू देईना. मी म्हणाले, तुझ्या व्हॅनच्या गारव्याच्या मशिनचा दाखला बघू. तसा तो व्हॅनच्या पायरीवर बसला.

“बाई, मशिन बंद पडलं होतं. गुरुवारी. मधल्या रस्त्यात, उन्हात. अर्धा दिवस मेकॅनिक येईना. पेट्या हाताला कोमट लागत होत्या.”

“कुणाच्या?”

“थोरल्या मालकांच्या. तेवढाच माल होता त्या खेपेला. मी सरळ सांगितलं, मालक, मला बोला, मारा, पण हा बांगडा विकू नका, फेका. देवाशपथ सांगितलं बाई.”

“काय म्हणाला तो?”

“आधी शिव्या दिल्या. मग जरा थांबले, विचार केला आणि म्हणाले, असू दे. कुणाला बोलू नकोस. बाकीचा त्यांनी खरंच गटारात ओतला, माझ्यासमोर. एक पेटी ठेवली. शनिवारी मला जादा बर्फ आणायला लावला आणि स्वतः फावड्याने त्या पेटीवर रचला. मालक कधी फावड्याला हात लावत नाहीत, बाई. मी म्हटलं, फेकायच्या मालाचे एवढे लाड कशाला? तर म्हणाले, उपयोगी पडेल.”

गुरुवारचा माल. मी व्हॅनच्या पायरीवर त्याच्या शेजारीच बसले आणि बोटांवर वार मोजले. मग फोनवरचं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हटलं, प्रत्येक शब्द सुटा करून. फोन करणारा ज्योतिषी नव्हता. त्याने मला अगदी साधी, खरी माहिती दिली होती आणि मी ती उलटी ऐकली होती.

६

मी सगळ्यांना कोल्ड रूममध्ये आणलं. फौजदार, दोघे भाऊ, पोलिसाच्या शेजारी धाकटी. थोरली दम्याला शाल गुंडाळून दारात उभी राहिली. मी कोपऱ्यातली पेटी ओढून बरोबर पांढऱ्या पट्ट्यावर ठेवली. दोघांनाही ते खुपलं.

“यावर काय लिहिलंय?” मी धाकट्याला विचारलं.

“परवा.”

“म्हणजे?”

“परवा द्यायचा माल. ऑर्डरचा. बाबांची पद्धत तीच. आज विकायचं, उद्या विकायचं, परवा कुणासाठी तरी राखलेलं. राखलेला माल नेहमी सगळ्यात चांगला. रोज सकाळी पुसायचं आणि नवीन लिहायचं.”

“आणि तुमच्याकडे?” मी थोरल्याला विचारलं.

मी डावीकडच्या दुसऱ्या पेटीवर टिचकी मारली. “इथे ‘काल’ लिहिलंय. उद्या विकायच्या पेटीवर काल कोण लिहील? भिंत घातल्यावर तुम्ही बापाची मोजणीही उलटी केलीत, भावाचं आणि आपलं एक असू नये म्हणून. तो पुढे मोजतो, तुम्ही मागे. आज आलेला, काल आलेला, परवा आलेला. या पेटीवरचा शनिवारचा ‘परवा’ मात्र तुम्ही नंतर पुसलाच नाहीत. तुमच्या माणसांना माहीत आहे की ‘परवा’ पेटीला हात लावायचा नाही.”

“मग चुकलं काय माझं?” थोरला म्हणाला. “खराब माल होता, म्हणून खूण केली. आईला वाचता आलं नाही हा माझा गुन्हा?”

“वाचता आलं. तिने नवऱ्याने शिकवलं तसं वाचलं. तिला वाटलं, परवाच्या ऑर्डरसाठी राखलेला, दुकानातला सगळ्यात उत्तम मासा. त्यातले दोन तिने धाकट्याकडे नेले.”

धाकटीने पहिल्यांदा मान वर केली. धाकट्याने हात भिंतीला टेकवला.

“झालं तर मग,” फौजदार म्हणाला, “चूकच झाली म्हणायची. शब्दाचा घोळ.”

“म्हातारीची चूक. याची नाही. मी विचारते, फेकायच्या मालावर नवा बर्फ कोण घालतं? दोन दिवस कोण सांभाळतं? बाकीच्या पेट्या गटारात गेल्या, हीच का ठेवली?” मी थोरल्यासमोर जाऊन उभी राहिले. “शनिवारी मला फोन आला. परवा या, परवाचा बांगडा तपासा. मी दोन्ही परवा सोमवार समजले. पहिला होता सोमवार. दुसरा होता गुरुवार. गुरुवारी आलेला बांगडा. शनिवारी मागे मोजून ‘परवाचा’ म्हणणारं घर या बाजारात एकच आहे, आणि गुरुवारचा बांगडा या खोलीत एकाच पेटीत होता. रविवारी संध्याकाळी तुम्ही ती पेटी पट्ट्यापलीकडे धाकट्याच्या बांगड्याशी बदलणार होतात. सोमवारी सकाळी त्याच्या माणसाने डोकी उडवून तो माल गाळ्यावर मांडला असता. मग मी आले असते. परवाना गेला असता, गाळा बंद पडला असता. दोन-चार गिऱ्हाइकांची तोंडं लाल झाली असती, त्यांची तुम्हाला पर्वा नव्हती. पण संध्याकाळी आई इस्पितळात होती, म्हणून अदलाबदल राहिली.”

“सिद्ध करा,” थोरला म्हणाला. आवाज खाली आला होता. “फोन कुणीही केला असेल. हिने केला असेल.” त्याने दाराकडे बोट दाखवलं. दारात त्याची बायको उभी होती.

तिने शाल घट्ट ओढली.

“मी?” ती म्हणाली. “माझ्यावर ढकलता? शनिवारी नाकाला रुमाल लावून गाळ्याच्या मागे कोण बोलत होतं? मी विचारलं तर म्हणालात सर्दी झाली आहे. आता कशी हो गेली सर्दी?” आणि फौजदाराकडे वळून, “लिहून घ्या. मी सांगते सगळं.”

फौजदाराने वही उघडली आणि धाकटीशेजारच्या पोलिसाला बाजूला व्हायची खूण केली. धाकटी सुटली होती, पण जागची हलली नाही.

थोरल्याला आपली बायको दिसत नव्हती, मी दिसत नव्हते. तो पेटीकडे बघत होता, बर्फ उकरलेल्या त्या कडेकडे. करायला गेला एक आणि झालं भलतंच, हे त्याला आत्ता कुठे उमगत होतं. पण असल्या माणसाला दुःख झालं तरी ते आधी रागाच्याच वाटेने बाहेर येतं. तो धाकटीवर धावून गेला.

“तू का नाही खाल्लेस? तिला एकटीला घातलेस. तू का नाही मेलीस?”

धाकटा मधे आला, पण तिने त्याला हाताने बाजूला केलं.

“एक घास खाल्ला मी, भाऊजी,” ती म्हणाली. “दुसरा घ्यायला गेले तर आईंनी ताट आपल्याकडे ओढलं. म्हणाल्या, तुला मासे रोज मिळतात. थोरल्याच्या घरी माझ्या वाट्याला शेपट्या येतात. त्याने राखून ठेवलेलं एवढं एक दिवस मला खाऊ दे. तव्यावरचा तेवढा तुकडा सोडला तर दोन्ही मासे त्यांनीच खाल्ले. फार खूश होत्या. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या, म्हणून मी सांगितलं नाही.”

कोल्ड रूमचं मशिन घरघरत होतं. फौजदाराने लिहायचं थांबवलं.

“आईला शेपटीच आवडायची,” थोरला म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. “लहानपणापासून बघतोय मी. शेपटीच मागून घ्यायची ती. आवडायचीच तिला.”

धाकटा पट्टा ओलांडून त्याच्यासमोर आला. किती वर्षांनी तो भावाशी थेट बोलत होता ते त्या दोघांनाच माहीत.

“शेपटी कुणालाच आवडत नसते, दादा,” तो म्हणाला.